टिब्बीवरची जिवाणी

विहीर खोल गेली होती. रत्नप्रभानं दोर सोडला तसा तो हातातून सरकतच राहिला, आणि शेवटची गाठ बोटांना लागल्यावर कुठे बादली पाण्याला टेकल्याचा आवाज आला.

"हळू ओढ, कुडिये," खाटेवरून बचन कौर म्हणाली. "घाई केलीस तर तळाचा गाळ वर येईल."

रत्नप्रभानं बादली वर घेतली. हंड्याच्या तोंडावर दुपदरी जाड गाळणं बांधलेलं होतं. त्यावर ती बारीक धार धरून पाणी ओतू लागली. हंडा भरल्यावर गाळणं अलगद सोडून तिनं ते दुसऱ्या बादलीवर उलटं धरलं आणि गाळलेल्याच पाण्यानं धुऊन घेतलं. या बादलीच्या बुडाला एक कडी होती आणि त्या कडीला वेगळी दोरी. बादली पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडायची, मग कडीची दोरी ताणायची. बादली पाण्याच्या अंगावरच कलंडते, वरून काही आदळत नाही.

"गेले का घरी तुझे किडे?" बचन कौरनं विचारलं.

"गेले, बीजी."

"त्यांचं बरं आहे. घरी पोचवायला माणूस येतं."

रत्नप्रभानं दोर गुंडाळायला घेतला. बचन कौरचा धाकटा मुलगा जीता वैशाखीला घरातून गेला होता, तो अजून परतला नव्हता.

तिच्या नवऱ्यानं, भूपालनं, कावड खांद्यावर घेतली. ओल्या धोतराचा सोगा त्यानं कमरेला खोचला आणि टेकडीची वाट धरली. सूर्य नुकता वर आला होता, तरी वारा गरम होता. सत्त्याऐंशीचा आषाढ लागून आठवडा होत आला होता आणि आभाळात ढगाचं चिरगूटही नव्हतं.

चंदीगडच्या उत्तरेला, सुखना तलावाच्या मागं शिवालिकची पहिली ओळ सुरू होते. त्या ओळीतल्या एका टेकडीच्या माथ्यावर आदिनाथाचं मंदिर आहे. कमिटीच्या फलकावर त्याला अतिशय क्षेत्र, म्हणजे चमत्काराचं ठिकाण, म्हटलं होतं. पायथ्याच्या टिब्बीमाजरा गावात मात्र ती 'नंगे बाबे दी टिब्बी', नागव्या बाबाची टेकडी. पहिल्यांदा हे नाव ऐकलं तेव्हा भूपाल उपाध्येचं डोकं फिरलं होतं. आता सेक्टर बावीसच्या स्टँडवरून परतताना तो स्वतःच कंडक्टरला सांगायचा, "नंगे बाबे पे उतारना."

दोघं शिरोळ तालुक्यातली. इकडच्या जैन घरांत पूजा ज्याची त्यानं करायची रीत. पण टेकडीवर कायम राहायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा केंद्र सरकारच्या नोकरीत चंदीगडला आलेल्या विलास मगदूमांनी आपल्या भागातला हा उपाध्ये बोलावून घेतला होता.

ती टेकडी मातीची म्हणावी तर मातीची नाही. जुन्या नदीनं घासून गोल केलेले गोटे आणि त्यांना धरून ठेवणारी पिवळी रेती. पाय पडला की गोटा निसटतो. अशा ठिसूळ माथ्यावर कुणी दगडी मंदिर उभं केलं, हेच नवल होतं. चौथऱ्याचे दगड कळसापेक्षा जुने, हे झिजेवरून कुणालाही कळलं असतं. मधल्या काळात मंदिर पडलं, मूर्ती नाहीशी झाली. मग एका पावसाळ्यात पायथ्याच्या 'चो'ला, म्हणजे इकडच्या कोरड्या ओढ्याला, पूर आला, काठ खचला आणि आदिनाथ पुन्हा वर आला. मांडी घातलेला, खांद्यावर केसांच्या बटा उतरलेला, नाकाचं टोकही शाबूत. अंबाल्याच्या एका व्यापाऱ्यानं मंदिर पुन्हा बांधलं आणि त्याच गवंड्याकडून पायथ्याला विहीर बांधून घेतली.

फाळणीत सगळं उलटंपालटं झालं. बचन कौरचा सासरा लायलपूरहून बायकामुलं आणि दोन बैल घेऊन आला, तेव्हा पावसात उभं राहायला छप्पर नव्हतं. त्यानं मंदिराच्या मंडपात बैल बांधले. पुढं विहिरीसकट जमीन त्याच्या नावावर झाली. अंबाल्याचे लोक परत आले तेव्हा म्हाताऱ्यानं मंडपातलं शेण स्वतःच्या हातानं काढलं, फरशी धुतली आणि म्हणाला, विहीर कागदावर माझी आहे, पाणी बाब्याचं आहे. त्याच्यानंतर मुलानं तो शब्द पाळला, मुलामागं सुनेनं.

वर मंदिरामागं पावसाच्या पाण्याचं टाकं होतं. ते ज्येष्ठात आटलं. तेव्हापासून रोजची कावड सुरू झाली होती.

गाळलेलं पाणी दोन घटकाच चालतं. भूपाल वर पोचेपर्यंत तेवढा वेळ उलटून जायचा. म्हणून रत्नप्रभा वर पुन्हा पाणी गाळायची, आणि गाळण्यावर पुन्हा जिवाणी राहायची: पाण्यातले जीव, डोळ्यांना न दिसणारे. ते ज्या विहिरीतले, त्याच विहिरीत परत गेले पाहिजेत, दुसऱ्या पाण्यात ते जगत नाहीत. त्यामुळं अभिषेक झाला, ऊन कललं की भूपाल जिवाणीचा तांब्या घेऊन टेकडी उतरायचा. सकाळी पाणी वर, संध्याकाळी जिवाणी खाली. त्याच्या खांद्याला कावडीचा घट्टा पडला होता आणि टाचांना भेगा. रत्नप्रभा रोज त्यात खोबरेल भरायची.

अष्टान्हिका, पौर्णिमेपर्यंतचं आठ दिवसांचं पर्व, लागली त्या दिवशी मगदूम वर आले. पायथ्याशी जीप ठेवून चढले, घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. मंडपाच्या सावलीत बसून त्यांनी आधी खालचं शहर पाहिलं. चौकोनामागून चौकोन, मध्ये झाडी, आणि आटून कडेला चिखल उघडा पडलेला तलाव.

"भूपाल, टँकर सांगितलाय मी," ते म्हणाले. "डेराबस्सीहून येईल. औषधाच्या कारखान्यातलं पाणी आहे, तपासलेलं. खालपर्यंत टँकर, तिथून मजूर आणतील."

"कुठल्या हिरीचं पाणी?"

"अहो, हिरीचं कसलं! बोअरचं. दोन-तीन बोअरचं एकत्र असंल."

"मग जिवाणी कुठं सोडायची, सायेब?"

"त्यात क्लोरीन असतं. जीव राहतोय कुठं त्यात? सगळे आधीच मेलेले."

"मग मेलेल्यांच्या पाण्यानं अभिषेक करू व्हय?"

रत्नप्रभानं पदर तोंडाला लावला. मगदूमांनाही हसू आलं. त्यांची आई अजूनही जयसिंगपूरच्या घरात नळाला गाळणं बांधायची. पण ते हसू टिकलं नाही.

"कमिटी घाबरलीय," ते म्हणाले. "अतिरेक्यांनी बसमधली माणसं मारली, तेव्हापासून कुणी इकडं फिरकायला तयार नाही. त्यात तुम्ही रोज त्या बाईच्या दारात. तिच्या पोराच्या मागं पोलीस आहेत, म्हाईत हाय न्हवं?"

"म्हाईत हाय. पोरगं तिचं, हीर बाब्याची."

"ऐका माझं. कमिटीत ठरलंय. अभिषेक एक दिवस जरी चुकला, तर क्षेत्र राखता येत नाही असं धरायचं. मूर्ती शहरातल्या मंदिरात न्यायची आणि इथं कुलूप. मी अडवून धरलंय. पण एक दिवस चुकला की माझ्याही हातात काही राहणार नाही."

भूपाल गाभाऱ्याकडं बघत होता. "चोनं वर आणून दिलाय त्याला," तो म्हणाला. "आता जीपमधनं खाली न्यायचा?"

टँकर त्यानं घेतला नाही.

दोन दिवसांनी टेकडीच्या वाटेवर नाका बसला. एक तंबू, वाळूची पोती, पोत्यांमागं थकलेले जवान. त्यांचा हवालदार रावत गढवालचा होता. उन्हानं त्याच्या नाकाची साल निघाली होती.

पहिल्या सकाळी त्यानं कावड उतरवली आणि हंड्यात कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपला. बाहीला बंदुकीचं तेल होतं. पाण्यावर त्याचा रंगीत तवंग पसरला. भूपालनं हंडा उचलला, कडेच्या पेरूच्या बुंध्याशी पाणी ओतलं आणि मागं फिरला. पुन्हा विहीर, पुन्हा गाळणं, पुन्हा चढ.

"परत का गेला तो?" रावतनं जवानाला विचारलं.

"साहेब, तुम्ही हात घातला म्हणून."

"राजाची अवलाद आहे का?" रावत म्हणाला. दुसऱ्या फेरीला मात्र त्यानं नुसतं वाकून पाहिलं.

संध्याकाळी भूपाल तांब्या घेऊन उतरला. वर जाणारं पाणी रावतला समजत होतं. खाली जाणारं समजेना.

"इसमें क्या है?"

"जीव हैं. कुएँ में वापस छोडने के हैं."

रावतनं तांब्या घेतला, आत पाहिलं, वास घेतला आणि धुळीत उपडा केला. ओल क्षणभर काळी दिसली, मग जमिनीनं पिऊन टाकली. भूपाल खाली बसला. त्यानं त्या ओल्या डागावर हात धरला, उन्हापासून आडोसा करावा तसा. जवान हसायला लागले. तो डाग वाळेपर्यंत तिथंच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं उपास केला. रत्नप्रभानं विचारलं नाही, तिनंही चूल पेटवली नाही. पण कावड गेली आणि अभिषेक झाला. संध्याकाळी तांब्या खाली गेला तेव्हा रावत तंबूत झोपला होता. पहाऱ्यावरच्या जवानानं मान हलवून वाट दिली.

पौर्णिमेच्या आदल्या दुपारी टेकडीवरून गावात पोलिसांच्या गाड्या शिरताना दिसल्या. बचन कौरच्या अंगणात माणसं उतरली. तुडीचा, म्हणजे गव्हाच्या भुशाचा ढीग उसकला गेला, त्याची पिवळी धूळ वरपर्यंत आली. भूपाल पीठ आणायला गावात गेला होता. ऊन कललं, गाड्या परत गेल्या, तरी तो आला नाही.

रत्नप्रभा मंडपाच्या कडेला येऊन येऊन बघत होती. तांब्या गाळण्याखाली सावलीत ठेवलेला. सूर्य मावळायच्या आत तो विहिरीवर पोचायला हवा होता. तिनं पदर खोचला, तांब्या दोन्ही हातांत धरला आणि उतरायला लागली. पायाखालून गोटे निसटत होते. ती आडवे पाय टाकत, तांब्याकडं बघत उतरली.

भूपाल नाक्यावर होता. पोत्यांपाशी उकिडवा बसवलेला, हात पाठीमागं बांधलेले. बांधायला त्याच्याच पिशवीची दोरी वापरली होती. पिठाची पिशवी बाजूला सांडलेली आणि त्याच्या डाव्या गालावर पीठ.

"अवो," ती एवढंच म्हणाली.

"तू का आलीस?"

"जिवाणी हाय की."

रावत तंबूतून बाहेर आला. वरच्या साहेबानं त्याला झापलं होतं: तुझ्या नाक्यासमोरून एक माणूस रोज त्या घरात भांडं घेऊन जातो, आणि तुला ठाऊक नाही त्यात काय असतं? रावतनं तांब्याकडं बोट केलं.

"तुझा नवरा सांगतो, पाणी आहे."

"पाणीच आहे, साहेब."

"मग पी."

रत्नप्रभा तांब्या छातीशी धरून उभी राहिली.

"पी. आत्ता याला सोडतो."

तिनं भूपालकडं पाहिलं. तो खाली बघत होता. त्याची बोटं दोरीत निळसर झाली होती. एक घोट, आणि ती दोघं पीठ गोळा करून घरी गेली असती. तिच्या ओठांना कोरड पडली होती, सकाळपासून ती पाणीही प्यायली नव्हती.

"नाही पिणार," ती म्हणाली.

"का?"

"पिऊन मरतील ते."

जवानांपैकी कुणीतरी बंदूक सरसावली. "साहेब, जहर आहे. विहिरीत टाकायला चाललीय. गावाला मारणार."

"ए बाई, तांब्या खाली ठेव!"

"खाली नाही ठेवणार. तुम्ही सांडाल."

तिचा आवाज चढला नाही, पण तिनं तांब्या आवळून धरला तसं आतलं पाणी काठाला लागू लागलं. सूर्य टेकडीच्या खांद्यावर आला होता. रावत पुढं सरकला. तेवढ्यात मागून हाक आली.

"ओए फौजिया! तिला हात लावू नको!"

बचन कौर वाटेनं येत होती. ओढणीत तुडीचे कण अडकलेले, एका पायात जोडा, दुसरा अनवाणी. तिच्या घरातल्या पेट्या अंगणात पालथ्या पडल्या होत्या आणि ती त्या तशाच टाकून आली होती.

"विष आहे म्हणतोस?" तिनं विचारलं. "विहीर कुणाची आहे? माझी. माझ्या विहिरीत पडणार ना ते? चल, पडू दे. वरून मी पिते. मेले तर तुझं काम हलकं झालं, एका घराची झडती कमी."

"बीजी, तुमच्याच मुलाचा–"

"माझ्या मुलाचं मला विचार. हिला काय विचारतोस? माझ्या सासऱ्यापासून बघतेय मी हे. आधी हसायची. एकदा मंदिरातल्यांना विचारलं, हे दिसत नाहीत तर मोजता कसे? म्हणाले, मोजत नाही, पोचवतो."

रावतनं सूर्याकडं पाहिलं, मग बाईच्या हातांकडं. "चला," तो म्हणाला.

विहिरीवर रत्नप्रभानं तांब्यातली जिवाणी कडीच्या बादलीत रिती केली, तांब्या धुऊन ते पाणीही आत घातलं. दोर सोडला. बंदुका मागं उभ्या होत्या. शेवटची गाठ आली, तिनं कडीची दोरी ताणली. खालून आवाजही आला नाही.

बचन कौरनं दुसरी बादली सोडली. म्हातारी ओढताना धापा टाकत होती, पण तिनं कुणाला हात लावू दिला नाही. बादली काठावर टेकवून तिनं ओंजळ भरली आणि प्याली. आणखी एक ओंजळ प्याली. मग खाटेवर बसली आणि रावतकडं बघत राहिली. बराच वेळ कुणी हललं नाही. गोठ्यातली म्हैस तेवढी साखळी वाजवत होती.

"रोज?" रावतनं रत्नप्रभाला विचारलं.

"रोज."

"परतच करायचं, तर न्यायचं कशाला?"

"नेल्याशिवाय भागत नाही," ती म्हणाली, "म्हणून तर परत करायचं."

रावतनं टोपी काढून घाम पुसला. त्याच्या गावीही बायका डोंगर चढून पाणी आणत असतील. जवानाला म्हणाला, "पंडितला सोड." आणि बाहेर पडताना, मागं न बघता, "उद्यापासून फक्त बाई येईल. पंडित नाही. वरून हुकूम आहे."

भूपालला त्यांनी अंगणात आणून सोडलं तेव्हा सूर्य बुडाला होता. बचन कौरनं पालथ्या पेट्यांतून वाट काढत त्याच्यासमोर रोटी ठेवली, आणि लगेच ताट उचललं.

"विसरलेच. सूर्य गेला. तुम्ही आता खात नाही."

"न्हाई, बीजी."

"आणि सकाळी शिळं चालत नाही."

"न्हाई."

"बाब्यानं माणसं तरी कसली ठेवलीत!" ती म्हणाली आणि ती रोटी तिनं म्हशीला घातली.

पौर्णिमेला पहाट फुटताच रत्नप्रभा एकटी विहिरीवर आली. नाक्यावर तिला कुणी थांबवलं नाही. बचन कौर दोर धरायला उठली होती, पण तिच्याकडं बघून नुसती बसून राहिली. कावड रत्नप्रभानं आजवर खांद्यावर घेतली नव्हती. पहिल्या चढाला हंडे डुलायला लागले, तिनं पावलं लहान केली तेव्हा स्थिरावले. बांबू हाडावरच बसत होता. ती थांबली की तो अधिक दुखायचा, म्हणून ती थांबली नाही. उजाडेल तसं शहर खाली स्पष्ट होत गेलं. संचारबंदीत तिथला एकही रस्ता हलत नव्हता.

वर भूपाल अंघोळ करून, धोतर नेसून दारात उभा होता. त्यानं कावड उतरवून घ्यायला हात पुढं केले आणि तसेच मागं घेतले. मनगटं सुजून कोपरापर्यंत तुकतुकीत झाली होती.

रत्नप्रभानं पाणी गाळलं. जिवाणी तांब्यात घेऊन झाकली. कलश भरून तिनं उंबऱ्याशी ठेवला. या मंदिरात बायकांनी मूर्तीला हात लावायचा नाही, असा इथल्या कमिटीचा दंडक. गावाकडं तसं नव्हतं, पण इथं आल्यापासून ती उंबऱ्याबाहेरच राहायची.

भूपालनं कलश दोन्ही तळव्यांत घेतला. छातीपर्यंत आला. त्याच्यावर जाईना. त्यानं दात आवळले, पुन्हा उचलला, खांद्यापर्यंत नेला. कलश कलंडायला लागला तसा त्यानं तो घाईनं पोटाशी धरला. कपाळावर घाम आला. मूर्तीचं मस्तक त्याच्या हातांपासून वीतभर उंच राहिलं.

आज येणारं कुणी नव्हतं. रस्ते बंद होते.

"हात चालंनात," तो म्हणाला. तो मूर्तीशी बोलला की तिच्याशी, ते तिला कळलं नाही.

तिनं पाय धुतले. पदर डोक्यावरून घेतला आणि उंबरा ओलांडून आत आली. त्यानं वळून पाहिलं आणि पुन्हा मूर्तीकडं तोंड केलं. ती त्याच्या मागं उभी राहिली आणि आपले दोन्ही तळवे त्याच्या कोपरांखाली लावले. कोपरं गरम होती.

"उचल," भूपाल म्हणाला.

तिनं उचललं. बांबूनं सोललेला तिचा खांदा त्याच्या पाठीला टेकला, तिथं झोंबलं. कलश मस्तकाच्या वर गेला, तिथं थांबला, आणि हळूहळू कलला. पाणी आदिनाथाच्या माथ्यावर पडलं, खांद्यांवरच्या बटांमधून उतरलं, मांडीवर जुळलेल्या तळव्यांत साचलं आणि भरून वाहू लागलं. भूपालचे हात कापत होते, तिचेही कापत होते. धार बारीक होती, पण कलश रिता होईपर्यंत ती कुठं तुटली नाही.